मुखवेगाचा हिशेब

परभणी जिल्ह्यातील सोनपेठ हे तालुक्याचे गाव गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या कसदार जमिनीचे असून कापूस, सोयाबीन, ऊस आणि रब्बीची ज्वारी यांच्याभोवती तेथील माणसाचे वर्ष फिरत असते. या वर्षचक्रात बंदूक शिरते ती बहुधा एकाच निमित्ताने, उभ्या पिकात रात्री घुसणाऱ्या रानडुकरांच्या कळपांमुळे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने पीक संरक्षणाच्या खऱ्याखुऱ्या गरजेसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद स्वतंत्रपणे नमूद केलेली आहे. निजामी अमदानीत जिल्ह्याचा जो अंमलदार अव्वल तालुकदार म्हणून ओळखला जाई, त्याच्या जागी आता जिल्हाधिकारी आले आहेत, आणि परवान्याचे अर्ज त्यांच्या कचेरीत दाखल होतात, चौकशी होते, शेरे पडतात, आणि अखेर बंदूक हाती येते. ती साधी, गुळगुळीत नळीची, तोंडाकडून भरावयाची असते. आणि म्हणूनच या प्रकरणाच्या विषयाला तिच्यापासून प्रारंभ करणे सोयीचे आहे.

ठासणीची बंदूक भरताना दारूचे माप नळीत ओतावयाचे, वर चिंधीचा किंवा कागदाचा बोळा सारावयाचा, त्यावर छर्रे, पुन्हा एक बोळा, आणि मग लोखंडी गजाने सारे ठासून बसवावयाचे, असा क्रम आहे. यातील प्रत्येक गोष्ट हाताच्या अंदाजावर चालते. माप कधी काठोकाठ भरते, कधी किंचित उणे राहते. गजाचा जोर एखाद्या वेळी अधिक, एखाद्या वेळी कमी. पावसाळी रात्री दारूने ओल धरलेली, तर वैशाखात ती खडखडीत कोरडी. साहजिकच एका बारापासून दुसऱ्या बारापर्यंत छर्ऱ्यांचा वेग सारखा राहत नाही, आणि वीस-पंचवीस पावलांवरच्या जनावराला हुसकावण्यासाठी तो सारखा राहण्याची गरजही नसते. परंतु हाच प्रश्न तीनशे मीटरवरच्या कागदी लक्ष्यापुढे उभ्या असलेल्या नेमबाजाला पडला, म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. तेथे प्रत्येक गोळीने नळीचे तोंड सोडताना आधीच्या गोळीइतकाच वेग धारण केला पाहिजे, आणि तो तसा केला की नाही हे डोळ्याने, कानाने किंवा खांद्याला बसणाऱ्या धक्क्याने कळण्याजोगे नाही. ते मोजावेच लागते. या तोंडाशी असलेल्या वेगाला मुखवेग म्हणतात, आणि तो मोजणाऱ्या यंत्राला क्रोनोग्राफ.

अमेरिकेत आणि युरोपातील काही देशांत नेमबाजांचा एक मोठा वर्ग आपली काडतुसे स्वतःच्या हाताने भरतो. एकदा उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साफ करावयाची, साच्यातून दाबून तिला पूर्वीच्या आकारावर आणावयाचे, बुडातील विझलेली टोपी काढून नवी बसवावयाची, दारू बारीक तराजूवर तोलून आत घालावयाची आणि तोंडाशी गोळी ठरावीक खोलीवर बसवावयाची, असा हा उद्योग असतो; त्यात दारूचे वजन ग्रेन नावाच्या जुन्या एककात, म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅमच्या पटीत, मोजले जाते, आणि त्याच्याही दशांशापर्यंत काळजी घेतली जाते. आपल्याकडे शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ अन्वये दारूगोळा तयार करणे हे परवान्यावाचून करता येत नाही, त्यामुळे घरच्या मेजावर काडतूस भरण्याचा प्रश्न सामान्य नागरिकापुढे येत नाही. परंतु त्या उद्योगामागचे शास्त्र आपल्या कारखान्यांत, प्रयोगशाळांत आणि क्रीडा-नेमबाजीत रोज वापरात आहे, आणि त्या शास्त्राचा गाभा वेगाच्या मोजमापात आहे.

वेगाचे महत्त्व गुरुत्वाकर्षणामुळे उत्पन्न होते. गोळी नळीबाहेर पडताक्षणी ती खाली येऊ लागते, आणि किती खाली येणार हे ती किती काळ हवेत राहते यावर, त्या काळाच्या वर्गावर, अवलंबून असते. सेकंदाला ८०० मीटर वेगाने निघालेली रायफलची गोळी शंभर मीटर अंतर सुमारे ०.१३ सेकंदात तोडते आणि तेवढ्यात आठ सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. तीनशे मीटरला तिला ०.४२ सेकंदाच्या जवळपास वेळ लागतो आणि ही घट सुमारे ८५ सेंटिमीटर होते. आता वेगात एक टक्क्याचा, म्हणजे ८ मीटरचा, फरक पडला असे समजू. शंभर मीटरवर त्याचा परिणाम पावणेदोन मिलिमीटरचा, म्हणजे गोळीच्या स्वतःच्या जाडीपुढे नगण्य. तीनशे मीटरवर तोच पावणेदोन ते दोन सेंटिमीटर. आणि नऊशे मीटरच्या लांब पल्ल्यावर तो वीतभर किंवा त्याहून अधिक होतो. शंभर मीटरवर ज्याची काडतुसे एका नाण्याखाली झाकण्याइतके घट्ट पुंजके देतात, त्याच नेमबाजाचे पुंजके लांब पल्ल्यावर उभ्या रेषेत का ताणले जातात, याचे कारण बहुधा त्याच्या हातात किंवा नळीत नसून या वेगाच्या अस्थिरतेत असते.

गोळीचा वेग मोजण्याची पहिली भरवशाची युक्ती इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याची. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तोफविद्येवरील ग्रंथात त्याने प्रक्षेपमापक लंबकाचे वर्णन केले. एका मजबूत तिकाटीला लोखंडी दांडा टांगून त्याच्या खालच्या टोकाशी जाड लाकडी फळा जोडलेला असे. गोळी फळ्यात रुतली की तिचा सर्व संवेग त्या जड लंबकाला मिळे आणि तो मागे झुले. लंबकाला बांधलेली एक फीत त्या झोक्यासरशी ओढली जाऊन झोका किती लांब गेला हे दाखवी. गोळीचे वजन ठाऊक, लंबकाचे वजन ठाऊक, झोक्याची लांबी मोजलेली. बाकी सारे न्यूटनच्या नियमांवरून कागदावर सुटे. जी वस्तू डोळ्याला दिसत नाही इतकी शीघ्र, तिचा हिशेब एका मंद, जड, सहज पाहता येणाऱ्या वस्तूच्या हालचालीत उतरवण्याची ही कल्पना मला भौतिकशास्त्रातील अत्यंत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. त्या काळच्या बंदुकीच्या गोळीचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास असतो, हे तिने दाखवून दिले.

त्याहून महत्त्वाचा शोध मात्र हवेसंबंधी होता. तोवरचे तोफशास्त्रज्ञ हवेचा विरोध उपेक्षणीय मानीत आणि गोळीचा मार्ग शुद्ध परवलयाकार असतो असे गृहीत धरून कोष्टके रचीत. रॉबिन्सने लंबक निरनिराळ्या अंतरांवर ठेवून वेग मोजला, आणि वेगवान गोळीवर होणारा हवेचा विरोध तिच्या वजनाच्या शंभरपटीहून अधिक असतो असे त्याला आढळले. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हा विरोध विलक्षण वाढतो, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. त्याच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर १७४५ मध्ये थोर गणिती ऑयलर याने स्वतः विस्तृत टीकेसह केले. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून तिच्या किल्ल्यांची डागडुजी करण्यासाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ च्या जुलैत कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला. ज्याने गोळीच्या वेगाला प्रथम आकडा दिला, त्याचा देह या देशाच्या मातीत विसावला आहे, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यावयास हरकत नव्हती.

लंबकाची मर्यादा उघड होती. एका गोळीचा वेग तो एकाच ठिकाणी देई, ती गोळी तेथेच संपे, आणि तोफेच्या गोळ्यासाठी लंबक अवजड बांधावा लागे. एकोणिसाव्या शतकात वीज हाताशी आल्यावर बेल्जियमच्या तोफखान्यातील अधिकारी ल बूलांजे याने जे उपकरण सिद्ध केले, ते पुढे अनेक दशके जगभरच्या शस्त्रागारांत प्रमाण मानले गेले. त्याची रचना पाहण्याजोगी आहे. दोन विद्युतचुंबकांनी दोन लोखंडी कांबी अधांतरी धरून ठेवलेल्या असतात, एक लांब आणि एक आखूड. नळीच्या समोर ताणलेल्या तारांचा पहिला पडदा गोळीने फोडला की पहिले मंडल तुटते आणि लांब कांब खाली पडू लागते. ठरावीक अंतरावरचा दुसरा पडदा फुटला की आखूड कांब सुटते, ती एका खटक्यावर आदळते, आणि खटका एक सुरी मोकळी करतो, जी पडत्या लांब कांबीवर बारीक खाच पाडते. दोन्ही मंडले एकाच क्षणी तोडली तर यंत्राच्या स्वतःच्या विलंबामुळे खाच एका विशिष्ट उंचीवर पडते. हा विलंब ०.१५ सेकंद असा जुळवून घेतला, तर ती खाच सुमारे ११ सेंटिमीटरवर येते. आता पडद्यांत ५० मीटर अंतर असून गोळी ८०० मीटरच्या वेगाने गेली, तर तिला ०.०६२५ सेकंद लागतात. एकूण काळ ०.२१२५ सेकंद होतो आणि खाच २२ सेंटिमीटरच्या जवळपास पडते. सेकंदाच्या सोळाव्या हिश्शाचा हिशेब अशा रीतीने कांबीवर अकरा सेंटिमीटर लांब होऊन समोर येतो, आणि साध्या मोजपट्टीने वाचता येतो.

महाराष्ट्राचा या विद्येशी संबंध जुना आहे. पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये निघाला. इंग्रजी अमदानीत किरकी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कारखान्याची अक्षरे .३०३ बोअरच्या असंख्य काडतुसांच्या बुडावर उमटलेली आहेत, आणि आपल्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात शिपायाच्या खांद्यावर जी लांबलचक रायफल पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली, तिच्यात ती काडतुसे भरली जात. त्या काडतुसाच्या सातव्या प्रतीचा नियत मुखवेग सेकंदाला २४४० फूट, म्हणजे सुमारे ७४४ मीटर, होता. जळगाव जिल्ह्यात वरणगाव येथे दुसरा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे आले आहेत. शस्त्रास्त्र संशोधनाची ए.आर.डी.ई. ही संस्था १९५८ पासून पुण्यात असून आज ती पाषाण येथे आहे. सैनिकी काडतुसांची तुकडी भांडारात जमा करण्यापूर्वी तिच्यातील नमुने उडवून वेग आणि नळीतील दाब या दोहोंची रुजुवात घेतली जाते, आणि नियत मर्यादेबाहेर गेलेली तुकडी नामंजूर होते.

वेग आणि दाब यांचा उल्लेख मी जोडीने केला, कारण यांतील पहिल्यावरून दुसऱ्याचा निश्चित आकडा काढता येत नाही, आणि हे न समजल्याने परदेशांतील हौशी काडतूसकारांना पुष्कळदा अपघातांना तोंड द्यावे लागले आहे. क्रोनोग्राफ दाब मोजत नाही. तथापि एखाद्या काडतुसाचा वेग प्रमाण कोष्टकातील आकड्यापेक्षा अकारण अधिक येऊ लागला, तर त्या जास्तीच्या वेगाची किंमत कोठेतरी, बहुधा वाढीव दाबातच, भरली जात आहे असे मानले पाहिजे. इशाऱ्याचा एवढा उपयोगही लहान नाही.

विसाव्या शतकात तारांच्या पडद्यांची जागा प्रकाशाच्या पडद्यांनी घेतली. एकामागे एक ठेवलेल्या दोन प्रकाशग्राही डोळ्यांवरून गोळीची सावली जाते. पहिल्यावर ती पडताच घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्यावर पडताच थांबते. डोळ्यांत एक मीटर अंतर असेल तर ८०० मीटरच्या गोळीला १.२५ मिलिसेकंद पुरतात, आणि तेवढा काळ अचूक मोजणे आजच्या इलेक्ट्रॉनिक घड्याळाला मुळीच अवघड नाही. अडचण घड्याळात नसून त्या मीटरभर अंतरात असते. ते एका सेंटिमीटरने चुकले तर वेगही एका टक्क्याने, म्हणजे ८ मीटरने, चुकतो, आणि प्रत्येक आकडा त्याच दिशेने चुकत असल्यामुळे ही चूक आकड्यांकडे पाहून कधीच उमगत नाही. शिवाय नळीच्या तोंडाशी निघणारा धूर, ज्वाला आणि हवेचा धक्का यांनी पडदे फसू नयेत म्हणून यंत्र तीन-चार मीटर पुढे मांडावे लागते, आणि मराठवाड्यातल्या माथ्यावरच्या उन्हात त्याच्यावर दुधी छत धरल्यावाचून सावली नीट पकडली जात नाही. अलीकडे रडारवर चालणारी लहान यंत्रे निघाली आहेत, ती बंदुकीशेजारी ठेवली की पुरे. २४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाठमोऱ्या गोळीवरून परततात तेव्हा ८०० मीटरच्या वेगाने त्यांच्या वारंवारतेत सुमारे १,२८,००० हर्ट्झचा फरक पडलेला असतो. तो मोजला की वेग मिळतो. पडद्यांतील अंतर, ऊन, सावली यांची यातायात संपते.

यंत्र सुलभ झाले आणि त्यामुळे एक नवी आपत्ती निर्माण झाली. आकडे विपुल मिळू लागले आणि त्यांच्यावर घाईने विश्वास टाकण्याची सवय लागली. समजा, एका प्रकारच्या पाच काडतुसांचे वेग ७९२, ७९६, ७८९, ७९४ आणि ७९९ मीटर आले, आणि दुसऱ्या प्रकारच्या पाचांचे ७८१, ८०३, ७९४, ७८८ आणि ८०४. दोन्हींची सरासरी अगदी एकच, ७९४. जो केवळ सरासरी पाहील त्याला दोन्ही काडतुसे सारखीच वाटतील. परंतु पहिल्यात सर्वांत जलद आणि सर्वांत मंद गोळीत १० मीटरचे अंतर आहे, दुसऱ्यात २३ मीटरचे. सरासरीपासून प्रत्येक आकडा किती दूर गेला त्याच्या वर्गांवरून जे प्रमाण विचलन काढतात, ते पहिल्यात ३.८ आणि दुसऱ्यात ९.८ मीटर येते. लांब पल्ल्याच्या नेमबाजाने पहिले काडतूस निवडावे, असा निवाडा येथे ओघानेच सुचतो.

तो निवाडा अजून द्यावयाचा नाही, आणि या प्रकरणात मला आग्रहाने सांगावयाचे आहे ते हेच. पाच आकड्यांवरून काढलेले प्रमाण विचलन फार ढिले असते. संख्याशास्त्राच्या नियमानुसार पाच गोळ्यांचे विचलन ३.८ आले, तर त्या काडतुसाचे खरे विचलन २.३ पासून जवळजवळ ११ पर्यंत कोठेही असू शकते, आणि या विधानाची खात्री शंभरात पंच्याण्णव एवढीच. दुसऱ्या काडतुसाचे खरे विचलन तसेच ५.९ पासून २८ पर्यंत कोठेही असेल. म्हणजे दोहोंच्या मर्यादा एकमेकींत शिरतात, आणि जो फरक आपल्याला कागदावर ठसठशीत दिसला तो पाच गोळ्यांच्या दैवयोगाने आलेला असण्याचा संभव उरतो. वीस गोळ्या उडवल्या तर खरे विचलन मोजलेल्याच्या पाऊणपट ते दीडपट या पट्ट्यात येते. तेव्हा कोठे बोलण्याला आधार मिळतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात ज्वारीच्या नव्या वाणाची परीक्षा एकाच वाफ्यावरून कोणी करीत नाही. तोच वाण शेताच्या निरनिराळ्या तुकड्यांत पुनःपुन्हा पेरतात, म्हणजे जमिनीच्या सकसपणाचा योगायोग वाणाच्या खाती जमा होत नाही. काडतुसाच्या परीक्षेतही पुनरावृत्तीवाचून दुसरा मार्ग नाही.

हा आग्रह धरण्याचे कारण असे की, दारूचे वजन पायरीपायरीने वाढवीत प्रत्येक पायरीवर एक-दोन गोळ्या उडवावयाच्या, वेगाचा आलेख काढावयाचा, आणि ज्या टप्प्यात वजन वाढूनही वेग वाढलेला दिसत नाही तो टप्पा उत्तम मानावयाचा, अशी एक पद्धत काडतूसकारांत फार लोकप्रिय आहे. तिच्यावर पुष्कळांची निष्ठा आहे. परंतु प्रत्येक पायरीवर गोळ्या वाढवीत गेले की असे सपाट टप्पे बहुधा मावळतात आणि वजनासोबत वेग सरळ रेषेत वाढत जातो, असेच आढळते. एकेका गोळीच्या स्वाभाविक चढउताराने आलेखात ज्या पायऱ्या दिसल्या होत्या, त्या दारूच्या गुणात नव्हत्या. माझ्या मते या पद्धतीवर खर्च होणारी दारू आणि वेळ त्यापेक्षा एकाच चांगल्या काडतुसाची वीस-तीस गोळ्यांची सलग नोंद ठेवण्यात खर्च करावा.

नोंदीत केवळ वेग लिहून भागत नाही. त्याच्या शेजारी तपमान लिहिलेच पाहिजे, आणि येथे सोनपेठच्या हवेचा संबंध येतो. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे एक आकडी उतरतो; म्हणजे एकाच वर्षात पस्तीस अंशांचे अंतर. रायफलची दारू उष्ण असता अधिक वेगाने जळते, आणि तपमानाला संवेदनशील असणाऱ्या दारूंत दर अंशामागे मुखवेग अर्धा ते एक मीटर वाढतो. थंडीच्या पहाटे कसोशीने जमवलेले काडतूस त्याच नळीतून वैशाखाच्या दुपारी उडवले, तर वेग वीस-तीस मीटरने चढलेला मिळणे अशक्य नाही. त्यात नळी तापलेली असून काडतूस तिच्यात मिनिटभर थांबले असेल तर आणखीच. लक्ष्यावरची उंची बदलते हा त्याचा सौम्य परिणाम, दाब वाढतो हा गंभीर. सौम्य हवेच्या देशांत रचलेली कोष्टके मराठवाड्याच्या उन्हात जशीच्या तशी लावता येत नाहीत, एवढे यावरून समजावे.

ध्वनीचा वेगही तपमानासोबत बदलतो: पाच अंशांना सेकंदाला सुमारे ३३४ मीटर, बेचाळीस अंशांना ३५६. लहान बोअरच्या, .२२ च्या, स्पर्धेच्या रायफलीला ही गोष्ट जिव्हाळ्याची आहे, कारण तिच्या काडतुसाचा मुखवेग मुद्दाम ध्वनिवेगाखाली, ३२७ मीटरच्या आसपास, ठेवलेला असतो. रॉबिन्सला जो विरोध ध्वनिवेगाजवळ अकस्मात वाढताना दिसला, त्याच्या तडाख्यातून गोळी शक्य तितकी वाचावी हा त्यातील हेतू.

याच रायफलीने महाराष्ट्राला अलीकडच्या काळातील दोन मोठे सन्मान मिळवून दिले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या, प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन स्थितींच्या अंतिम फेरीत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतले. ज्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या छत्राखाली हा खेळ आपल्या देशात वाढला, ती १९५१ मध्ये स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हे तिचे संस्थापक-अध्यक्ष. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नव्या नेमबाजांच्या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा आहे.

५० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, गोळी स्वतः ५.६ मिलिमीटर जाडीची. ती ०.१६ सेकंदात तेथवर पोहोचते आणि साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. वेग १० मीटरने कमी झाला तर लक्ष्यावर ती सुमारे सात मिलिमीटर खाली लागते. हात निष्कंप, श्वास रोखलेला, चाप अलगद ओढलेला, आणि तरीही काडतुसाच्या दोषाने गोळी दहाच्या कडेपर्यंत घसरते. .२२ चे काडतूस हाताने भरता येत नाही, त्याची टोपी वेगळी नसून ज्वलनमिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेले असते. म्हणून अव्वल नेमबाज काडतूस घडवण्याऐवजी निवडतात. इंग्लंडातील बर्मिंगहॅम आणि जर्मनीतील शोनेबेक येथे उत्पादकांच्या परीक्षण-शाळा आहेत. तेथे नेमबाजाची स्वतःची रायफल घोडीवर आवळून, एकाच कारखान्याच्या एकाच प्रकारच्या अनेक तुकड्या एकामागून एक उडवतात, वेगाची आणि पुंजक्याची नोंद होते, आणि जी तुकडी त्या नळीला मानवेल तिच्या पेट्या विकत घेतल्या जातात. येथे एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते: ज्या तुकडीचे वेग सर्वांत सारखे, तीच प्रत्येक वेळी सर्वांत घट्ट पुंजका देत नाही. गोळीचा समतोल, नळीची कंपने, गोळी आणि नळी यांचे जुळणे, यांपैकी कशाचीही दखल क्रोनोग्राफ घेत नाही. वेग सारखा नसेल तर लांब पल्ल्यावर अचूकता अशक्य. सारखा असेल तर ती शक्य, एवढाच त्याचा दाखला. अखेरचा निवाडा लक्ष्यावरच्या छिद्रांकडे राहतो, आणि तो तेथेच राहू दिला पाहिजे.

सोनपेठसारख्या गावातील मुलाला या विद्येत पाऊल टाकावयाचे असेल तर हवेच्या बंदुकीपासून प्रारंभ करावा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत मुखऊर्जेच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही; आणि ही ऊर्जा ठरते ती वजन व वेगाच्या वर्गावरूनच. अर्ध्या ग्रॅमहून थोड्या जड, ०.५३ ग्रॅमच्या, छर्ऱ्याची ऊर्जा सेकंदाला २७५ मीटर वेगाला २० ज्यूल होते. स्पर्धेची रायफल १७५ मीटरच्या आसपास म्हणजे सुमारे ८ ज्यूलवर चालते, कायद्याच्या मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली. हा वेग यंत्रावाचूनही काढता येतो. शिक्षकांच्या किंवा प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, सुरक्षित भिंतीच्या मैदानात, डोळ्यांवर चष्मा लावून, १० मीटरवर छर्रे अडवणारी पेटी ठेवावी, मोबाइलचा ध्वनिमुद्रक बंदुकीजवळ सुरू करावा आणि बार करावा. मुद्रणात दोन टोके उमटतात, एक बाराचे आणि एक आघाताचे. त्यांतील अंतर समजा ०.०८९६ सेकंद आले. आघाताचा आवाज परत येण्यास, ध्वनिवेग ३४५ मीटर धरून, ०.०२९० सेकंद लागतात. ते वजा केले की ०.०६०६ उरतात, आणि १० मीटरला त्याने भागले की सरासरी वेग १६५ मीटर येतो. असे वीस बार नोंदवावेत, प्रत्येकापुढे त्या वेळचे तपमान लिहावे, आणि जानेवारीतली वही मे महिन्यात पुन्हा काढून तेच वीस बार तिच्यापुढच्या पानावर उतरवावेत. त्या वेळी ध्वनिवेगही तपमान पाहून नव्याने धरावा.